पोरगा बसते

मी बसायचं काम करतो. हसू नका. या कामाला कोणी हसलं की माझं डोकं सणकतं आणि मग मी चार शब्द जास्तीचे बोलून जातो.

दारव्ह्याला एसटी स्टँडच्या फाटकाबाहेर काळीपिवळ्या जीपगाड्या लागतात. त्यातल्या बोरी अरबच्या गाडीत मी बसतो. गाडी नंबरला लागली की बसतो, भरली की उतरतो, पुढची लागली की तिच्यात बसतो. ड्रायव्हर लोक मला त्याचे पैसे देतात. सीट घासून घासून माझ्या पँटी मागून विरल्या, पण बोरीला मी कधी उतरलो नव्हतो. यवतमाळला जाताना एसटीच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच माझं बोरी.

आता तुम्ही म्हणाल, रिकाम्या माणसाला पैसे देऊन बसवायची ड्रायव्हरला काय हौस आली आहे? तर ऐका. माणूस रिकाम्या गाडीत चढत नाही. गाडी रिकामी दिसली की तो चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, भरू द्या, मग येतो. सगळेच असे टपरीवर उभे राहिले तर गाडी भरणार कशी? प्रत्येकाला शेवटची सवारी व्हायचं असतं. पहिली सवारी व्हायला कोणी तयार नसतं. ती पहिली सवारी म्हणजे मी.

याला अक्कल लागते. खिडकीशी बसायचं नाही, खिडकी गिऱ्हाइकाची. मधल्या सीटवर जरा ऐसपैस बसायचं, म्हणजे लांबून गाडी भरल्यासारखी दिसते. मांडीवर पिशवी पाहिजे आणि पिशवीतून काहीतरी डोकावलं पाहिजे. आधी मी मेथीची जुडी ठेवायचो. पण दुपारपर्यंत मेथी मान टाकायची आणि लोकांना वाटायचं, हा माणूस कालपासून बसला आहे. मग मी सिंदीचा नवाकोरा फडा ठेवायला लागलो. झाडू काही शिळा होत नाही. अधूनमधून खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरवर ओरडायचं, "अबे, काढतं का आता गाडी, का मुक्काम करू अठीच?" हे ओरडणं मला फार मनापासून जमतं.

समोरच्या सीटवर एक बुढा बसतो. पूर्वी तो शिंपी होता, आता सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून गाडीत बसतो. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. तो दिसला की गाडीला अब्रू येते आणि बाया बिनधास्त चढतात. त्यानंच मला हे काम शिकवलं. पण एकट्या बुढ्यानं गाडी भरत नाही. एकटा बुढा बसलेला दिसला की लोक म्हणतात, ही गाडी उद्या निघणार. आम्ही दोघं लागतो.

आणि बसणं एक वेळ कोणालाही जमेल हो, खरी कसोटी उतरण्यात आहे. गाडी भरत आली की ड्रायव्हर बाहेरून छपरावर थाप मारतो. थाप पडली की आम्ही उतरायचं. पण असं उतरायचं की शेजारच्या सवारीला वाटलं पाहिजे, अरेरे, बिचाऱ्याचं काहीतरी राहिलं. चष्मा राहिला, छत्री राहिली, गॅस बंद केला की नाही आठवत नाही. एकदा मी "घरून फोन आला, बायको बाळंत झाली" असं म्हणून उतरलो, तर मागच्या सीटवरच्या एका म्हातारीनं पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या लग्नाचा पत्ता नव्हता आणि मी बाप झाल्याचा गूळ खाऊन बसलो.

असं आरामाचं काम मी एकटाच करतो असं समजू नका. आमच्या गल्लीत एक जण लग्नसराईत फेटे बांधतो आणि उरलेलं वर्ष आरशात पाहत काढतो. माझा मावसभाऊ माकडं हाकलतो. एका मंगल कार्यालयात आंब्याखाली खाट टाकून, छातीवर गलोल ठेवून तो दिवसभर पडलेला असतो. येणारेजाणारे म्हणतात, मजा आहे बावा तुही. एकदा तो दोन दिवस तापानं घरी राहिला तर माकडांनी नवरदेवाच्या डोक्यावरचा फेटा काढून झाडावर नेला. ज्यानं तो बांधला होता तो खाली उभा राहून माकडाला शिव्या देत होता. तेव्हापासून मावसभावाच्या पडून राहण्याला कोणी नाव ठेवत नाही.

आमच्या कामाची खोट एकच, की त्याला धड शब्द नाही. 'बसतो' म्हटलं की सगळा घोटाळा. नोकरी नसलेलं पोरगं घरी बसतं. दुकान चाललं नाही की बसतं. कापसाचा भाव बसतो. आणि दिवेलागणीला चार दोस्त एकमेकांना विचारतात, "काय मग, बसायचं का आज?" तेव्हा बसायचं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाटली, ग्लास आणि खारे शेंगदाणे. त्या अर्थानं मी जन्मात कधी बसलो नाही. मला त्या वासानंच मळमळतं. ड्रायव्हर पिऊन आला असेल तर त्याच्या गाडीत मी बसायलासुद्धा नाही म्हणतो, मग तो कितीही आरडाओरडा करो.

आता तिची गोष्ट. ती बोरीची. दारव्ह्यात एका मेडिकलच्या दुकानात कामाला यायची. सकाळी एसटीनं यायची. एसटीत बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून साऱ्या बाया तिकडेच वळल्या, आणि काळीपिवळीवाल्यांना आमची गरज जास्त पडायला लागली ती तेव्हापासूनच. पण संध्याकाळी तिच्या सुटायच्या वेळेला बोरीकडे एसटी नव्हती. म्हणून परतीला ती आमच्या गाडीत यायची.

एक दिवस ती माझ्या शेजारच्या खिडकीत बसली आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "काल तुमचा चष्मा राह्यलता. परवा छत्री राह्यलती. एखाद्या दिवशी सगळं सामान घेऊन येत जा ना."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मी काहीतरी पुटपुटलो.

"आन् चष्मा लावता कधी तुमी?" ती म्हणाली आणि तोंडाला ओढणी लावून हसत राहिली.

झालं. त्या दिवसापासून मी संध्याकाळच्या गाडीत जीव तोडून बसायला लागलो. ती अंधार पडायच्या आत घरी पोचली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. लोकांना हाका मारायचो, ड्रायव्हरवर दुप्पट ओरडायचो, टपरीवर रेंगाळणाऱ्यांना म्हणायचो, या ना भाऊ, चहा काय पळून जातो? गाडी भरेपर्यंत आम्ही बोलायचो आणि थाप पडली की मी उतरायचो. रोज उतरताना जिवावर यायचं. मला ती फार आवडली होती, त्यात लपवायचं काय?

"रोज उतरून जाता," ती एकदा म्हणाली. "या ना एखाद्या दिवशी बोरीपर्यंत."

"कोणत्या नात्यानं येऊ?"

"मंग काढा ना नातं," ती म्हणाली. "बाबा स्थळ पाहूनच राह्यले."

आणि तिनं मला एक गोष्ट साफ सांगून टाकली. बाबांनी हो म्हटलं तर ती तयार होती, पण त्यांनी नाही म्हटलं तर ती त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नव्हती. म्हणजे सगळं त्या एका माणसाच्या हो-नाहीवर येऊन ठेपलं होतं, आणि त्या माणसाला मी ओळखतही नव्हतो.

माझे वडील नाहीत. घरी मी आणि आई. आई भिडस्त, म्हणून बोलणी करायचं काम आत्यानं अंगावर घेतलं. आत्याच्या तोंडाला फाटक नाही, पण माझ्यावर तिचा भारी जीव. तिनं फोन स्पीकरवर लावला, आम्हा दोघांना बोट दाखवून गप्प बसवलं आणि सुरू झाली. जय भीम झाला, तब्येतपाणी झालं, मग पलीकडून तिच्या बाबांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

"बसते जी," आत्या म्हणाली.

"घरी?"

"घरी कायले बसन? स्टँडवर बसते."

"रोज?"

"रोज! एक दिवस खाडा नाही. सकाळचा चहा पेला का जाऊन बसते, ते थेट दिवे लागेपर्यंत."

"सकाळपासूनच?"

"मंग! बाजाराच्या दिवशी तर जेवाले घरी येत नाही. कोणीतरी शेंगदाणे-फुटाणे आणून देते, बसल्या बसल्या खाते."

"एकटाच बसते का कोणी हाय सोबत?"

"एक बुढा हाय ना. लय जुना बसणारा. त्यानंच तं शिकवलं याले."

"आन् पैशे?"

"पैशे ड्रायव्हर लोकं देतात. तेच बसवतात याले. म्हणतात, तुह्याशिवाय आमची गाडी हालत नाही."

"माय काही म्हणत नाही त्याची?"

"ते कायले म्हणन? बाप गेल्यापासून बसूनच तं घर चालवलं पोरानं!" आत्यानं डोळे पुसले. आईनंही डोळ्याला पदर लावला.

तुम्ही म्हणाल, तुम्ही दोघं तिथं असून काहून नाही बोलले? अहो, आम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. आमच्या घरात इतकी वर्षं हेच बोलणं. 'तो बसायला गेला', 'आज बसला नाही का?', 'बसून आला, पाणी द्या'. मला तर वाटत होतं, आत्यानं मैदान मारलं.

"बाई," पलीकडून आवाज आला, "असा पोरगा तुमचा तुमालेच लखलाभ होवो." आणि फोन बंद.

आत्या फोनकडे पाहत म्हणाली, "नेटवर्क गेलं वाटते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गाडीत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. बसली पण नाही, दारातच उभी राहून म्हणाली, "काय सांगतलं हो तुमच्या आत्यानं? बाबा म्हणतात, सकाळपासून ढोसणाऱ्याच्या घरी पोरगी देत नाही!"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिच्या मोठ्या काकांनी असंच बसून बसून सगळं वावर घालवलं होतं, त्यामुळे त्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. तिनं बाबांना समजावून पाहिलं होतं. ती म्हणाली, बाबा, ते गाडीत बसतात. तर बाबा म्हणाले, मले माहीत हाय, आजकालची पोट्टी गाडीतच बसून पेतात. जितकं सांगावं तितका पाय खोलात. शेवटी ती गप्प बसली आणि मीही गप्प बसलो. त्या रात्री जेवण गेलं नाही. 'बस' या दोन अक्षरांपायी माझा संसार मांडायच्या आधीच मोडला होता आणि मला शिव्या द्यायला माणूसही सापडत नव्हता.

मग आला बाजाराचा दिवस. दुपारची वेळ, स्टँडवर ही गर्दी. माझ्या शेजारच्या खिडकीत एक गृहस्थ येऊन बसले. पन्नाशीच्या पुढचे, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, पिशवीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या. चेहरा घामानं भिजलेला आणि त्रासलेला.

"निघते काय लवकर?" त्यांनी विचारलं.

"आता निघते काकाजी. एकच सीट बाकी हाय," मी सवयीनं म्हटलं.

त्यांनी खिशातून फुटाण्याची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. मग माझ्या फड्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "फडा दारव्ह्यातून नेऊन राह्यला? बोरीले भेटत नाही काय?"

"अठीचा चांगला असते."

त्यांनी तो हातात घेतला, काड्या दाबून पाहिल्या, म्हणाले, "बांधणी पक्की हाय." आणि तो आपल्याच मांडीवर ठेवून घेतला.

"बाजार झाला काय काकाजी?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"कायचा बाजार बावा. एक दारुड्या पाहाले आलतो."

मी फुटाणे खात राहिलो.

"माह्या पोरीले मागणी घालून राह्यला. दिवसभर स्टँडवर बसते म्हणे. म्हटलं, आपल्या डोयानं पाहून घ्याव, उगाच कोणावर आळ नोको. सारी दारूची दुकानं पाह्यली. मांगचा उकिरडा पाह्यला. रसवंतीच्या मांगं जाऊन पाह्यलं. माह्या साडभाऊ दिसला तिथं! पण जवान पोरगा एकही दिसला नाही."

फुटाणा माझ्या घशात अडकला. मी खोकायला लागलो तर त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "हळू खाय ना बावा, कोण मांगं लागलं तुह्या?" आणि मग सुस्कारा सोडून म्हणाले, "तुह्यासारखा एखादा पोरगा भेटाले पायजे होता. बाजार केला, घरी लागते तो फडा घेतला, आन् सिधा घरी जाऊन राह्यला."

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि नेमकी तेव्हाच छपरावर थाप पडली.

बाहेर एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. समोरचा बुढा आधीच उतरला होता, आता माझी जागा तिची. थाप पडली म्हणजे उतरायचं. पण उतरू कसा? चष्मा राहिला म्हणू? ज्या माणसानं मला आत्ता सरळमार्गी म्हटलं, त्याच्या तोंडावर खोटं बोलून उतरू, आणि उद्या त्याच्या दारात जावई म्हणून उभा राहू? मी तसाच बसून राहिलो. पुन्हा थाप पडली.

"अबे, उतर ना!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. तो माझा शाळेतला दोस्त. "फेविकॉल लावला काय सीटले?"

"त्याले काहून उतरवून राह्यला?" काकाजी भडकले. "माह्या आधीपासून बसला हाय तो! तो नाही उतरत!"

आता मात्र माझ्यानं राहवलं नाही. "काकाजी," मी म्हटलं, "मीच तो."

"कोण तो?"

"स्टँडवर बसणारा. मी दारू पेत नाही काकाजी, आईची आण. मी हे असंच बसतो. गाडी भरल्यासारखी दिसावी म्हणून ड्रायव्हर मले बसवतात. भरली का मी उतरतो."

मागच्या सीटवरून एका म्हातारीचा आवाज आला, "म्हणजे? याची बायको बाळंत झालती ना मांगं? मी गूळ देल्ला होता याले!"

"बायको?" काकाजींचे डोळे मोठे झाले.

"बायको नाही काकाजी! उतराले काहीतरी म्हणावं लागते!"

"गूळ खाल्ला का नाही माह्या?" म्हातारी म्हणाली.

"खाल्ला, माय."

काकाजी मनात मागचं काहीतरी जुळवत होते. "म्हणजे इतकी वर्षं," ते हळू आवाजात म्हणाले, "'एकच सीट बाकी' म्हणून मी धावत येऊन चढतो, आन् मंग तास तास उन्हात बसतो, ते तुमच्यापायी?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"यापेक्षा दारुडा परवडला बापा! दारुडा उतरताना पडते, पण बायको बाळंत झाली म्हणत नाही." मग दाराकडे बोट करून म्हणाले, "उतर. त्या बाईले जागा दे."

मी उतरलो. जन्मात पहिल्यांदा काही विसरल्याचं सोंग न करता उतरलो. लेकरूवाली बाई चढली, गाडी निघाली, आणि मी रिकामी पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. वाटलं, संपलं सगळं. तिला काय सांगू, आईला काय सांगू, काही सुचत नव्हतं.

वळणावर गाडी थांबली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्या हातात माझा फडा होता. "अबे ओ!" काकाजी ओरडत होते. "तुह्या फडा राह्यला!"

मी पळत गेलो. फडा धरला, पण त्यांनी सोडला नाही. "पोरीची गोष्ट मी रस्त्यावर करत नसतो," ते म्हणाले. "जे काय बोलाचं ते घरी. येतं का? बसाले जागा नाही, मांगं उभा राह्य."

असा मी बोरीला गेलो. एका हातानं मागचा दांडा धरून, दुसऱ्या हातात फडा घेऊन, सगळ्या रस्त्याची धूळ खात. बोरीला गाडी थांबली, ड्रायव्हरनं मुद्दाम छपरावर थाप मारली, आणि मी उतरलो.

घरी तिच्या आईला वाटलं, पाव्हणा अहेर म्हणून फडा घेऊन आला. तिनं तो दाराआड नीट उभा करून ठेवला. चहा झाला. काकाजींनी मला जवळ बोलावून "आ कर" म्हटलं आणि वास घेतला. मग म्हणाले, "पेत नाही, मानलं. पण हे काम नाही बावा. बसणं काय काम असते? लोकायले उल्लू बनवाचं!"

माझं डोकं सणकलं. सोयरिकीच्या घरी आलोय हेही विसरलो. "काकाजी, गाडी शेवटी निघते का नाही? मी बसतो म्हणून निघते. मी नसलो तर लोकं टपरीवरच उभे राह्यतात."

"तू नसला तरी निघन."

"नाही निघत."

"कशी नाही निघत? निघन!"

"नाही निघत म्हणतो ना!"

तिची आई आतून दोघांचे आवाज ऐकून पाणी घेऊन आली. आम्ही पाणी प्यायलो आणि दोन दिशांना तोंडं करून बसलो. त्यांचं नाही हे मला दिसत होतं. ती येईल, तिला एकदा पाहीन आणि जाईन, असं मी ठरवलं.

तिच्या यायची वेळ झाली. ती आली नाही. उन्हं उतरली, समोरच्या घरची गाय घरी आली, तरी ती आली नाही. काकाजींनी फोन लावला.

"बाबा, गाडीतच बसली हाय," तिचा आवाज आला. "निघूनच राह्यली."

ते रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आले. पुन्हा फोन लावला. "निघूनच राह्यली बाबा." अंगणात दिवा लागला. ते पुन्हा रस्त्यावर गेले, पुन्हा आले. बाप माणसाचा जीव, त्यांना एका जागी थांबता येत नव्हतं. मलाही थांबता येत नव्हतं, पण माझा तिथं काय अधिकार? तिसऱ्यांदा त्यांनी फोन लावला तेव्हा त्यांचा आवाज चढला. "अवो, कुठपर्यंत आली?"

"दारव्ह्यातच हाय ना बाबा! गाडीच भरून नाही राह्यली!"

काकाजींनी फोन खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. खरं सांगतो, मी जिंकलो होतो तरी मला जराही आनंद झाला नाही. ती तिकडे अंधारात खोळंबली होती आणि मी इकडे तिच्या घरचा दुसरा चहा पीत होतो.

ती आली तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. फाटक ढकलतानाच तिची बडबड सुरू होती. "काय तो तमाशा बाबा आज! नुसता एकटा बुढा समोर. लोकं पाहत, आन् पुढं जात. कोणी चढेचना! ते कुठी गेले होते कोण जाणे, रोज तं..." आणि तिला मी दिसलो. हातात कप घेऊन, तिच्याच अंगणात. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बरं! तुमी अठी बसले, म्हणून मी तठी बसून राह्यली!"

मी गडबडून उठून उभा राहिलो. काकाजींनी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला पाण्याचा गडू दिला, ती पाणी पिईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले. मग दुपट्ट्यानं तोंड पुसून माझ्याकडे वळले.

"उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जाय," ते म्हणाले. "आन् संध्याकाळच्या गाडीत येळेवर राह्यजो. पोरीले असा उशीर होऊन नाही चालत."

मी तसाच उभा.

त्यांनी भिंतीशी ठेवलेला पाट पायानं पुढं सरकवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "वाढ वो. पोरगा बसते."